अडवलेल्यांची यादी

“हे कायमचं बंद करून टाका,” कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत मास्तर दुरुस्तीवाल्याला म्हणाले.

परदेशातल्या मुलीशी अबोला होता. फोनवर बोलायला जीभ रेटत नव्हती, म्हणून तिच्या आईचं दुखणं ते रोज या कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या घरच्या वेबसाइटवर लिहीत. मुलीला पत्ता कळवला होता. दहा महिन्यांत बाहेरून आलेल्यांचा आकडा शून्यच राहिला.

“पोरीनं ढुंकूनही पाहिलं नाही.”

“तुमच्या फोनचं वायफाय बंद करून उघडा बघू,” दुरुस्तीवाला म्हणाला.

पान उघडेना.

“तुम्ही घरातल्या घरात बघत होतात, काका. बाहेरच्यांना तुमचा राउटरच अडवतोय.”

त्याने राउटरमधली अडवलेल्यांची यादी काढली. वरपासून खालपर्यंत परदेशातला एकच पत्ता, दिवसातून चार-पाचदा. शेवटची नोंद दहा मिनिटांपूर्वीची.

मास्तर काही बोलायच्या आत त्याने अडसर काढून टाकला.

“आता बघा.”

थोड्या वेळाने शून्याचा एक झाला.

पानावर सगळ्यात वर मास्तरांनी सोमवारी लिहिलेली ओळ होती : ‘तुझी वाट बघत आई गेली. आता येऊ नकोस.’