एका विटेइतकं विस्थापन

बाबा गवंडी. काकांशी वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत त्यांनी स्वतःच रचली, तीही एकेरी विटेची, कारण जास्तीची जागा सोडायला दोघेही तयार नव्हते. फ्रिज आमच्याकडे आला, आजी काकांकडे गेली.

काल विज्ञानाच्या गृहपाठाला अंतर आणि विस्थापनाचं घरातलं उदाहरण हवं होतं. बाबा जेवत होते. मी म्हटलं, "आपल्या पलंगापासून आजीच्या पलंगापर्यंत घेते. दोन्ही भिंतीला टेकलेले आहेत. सरळ रेषेत मोजलं की विस्थापन, म्हणजे फक्त एक वीट. आणि अंतर म्हणजे खरंच चालावं लागतं तेवढं. आपलं दार, गल्ली, कोपऱ्यावरून वळसा, मग काकांचं फाटक."

"दुसरं काही सुचत नाही का तुला?" बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

"आता वेग काढायचा. विस्थापनाला वेळेनं भागायचं. तुम्हाला आजीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो?"

"उगाच डोकं खाऊ नकोस."

"अंदाजे सांगा ना. शेवटचे कधी गेला होतात?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि मागोमाग आजीचा आवाज, अगदी शेजारी बसून बोलावं तसा.

"वेग शून्य लिही गं बाळा. तो अजून निघालाच नाहीये."