हिरवा दोरा

शर्टाच्या पाच बटणांना पांढरा दोरा होता, वरून दुसऱ्याला मात्र हिरवा. जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या शालनची कात्री थांबली. अकरा वर्षांपूर्वी नवरा हाच शर्ट घालून निघून गेला, त्या सकाळी पांढरा दोरा संपला म्हणून हे बटण तिनेच हिरव्याने लावलं होतं.

“कुणाकडचा गं हा?” तिने बोहारणीला विचारलं.

“नगरच्या एका बाईचा. मालक वारले म्हणून रडत होती, तरी दोन पातेल्यांसाठी तासभर घासाघीस केली बघा!”

झिजलेली कॉलर कुणीतरी उलटून शिवली होती, शालनच्या टाक्यांहून बारीक टाक्यांनी.

त्याच्या कपड्यांची पेटी तिने आजवर कुणाला उघडू दिली नव्हती. तो परत आल्यावर घालणार काय?

“प्रणिता,” तिने लेकीला हाक मारली, “बाबांची पेटी उघड. सगळे कपडे पिशव्यांना घेऊ.”