चर्चच्या पायऱ्या

सोमवारी सकाळी एमेट रीगल सुजलेलं नाक घेऊन कॉलेजच्या मैदानावर आला, तेव्हा त्याचे अमेरिकन फुटबॉलचे कोच स्ट्राउड सर बाकावर एक पाय लांब करून बसले होते.

"नाकाला काय झालं रे?"

"काल चर्चच्या पायऱ्यांवरून पडलो, सर."

"देवाच्या दारात एवढा मार?" सर हसले नाहीत. "रविवारी इथले पोलाद कारखान्यांचे संघ पैसे देऊन खेळाडू उतरवतात, ठाऊक आहे ना? कॉलेजची पोरंही खोटी नावं लावून जातात म्हणे. सापडला, की त्याच दिवशी कॉलेजबाहेर."

"ऐकून आहे, सर." कालच्या चिखलात दोन्ही संघांच्या बावीसच्या बावीस जणांची तोंडं काळी झाली होती. सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं, एवढाच काय तो एमेटला धीर.

सर उठले आणि लंगडत त्याच्या अगदी जवळ आले. एमेटने मनातल्या मनात घरी जायची ट्रंक भरायला घेतली.

"चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडताना डोकं कुठे ठेवायचं?"

"बाजूला, सर. त्याच्या मांडीला आपला खांदा लावायचा."

"महिनाभर घसा कोरडा करून हेच शिकवतोय तुला." सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग काल माझ्या गुडघ्यावर नाक कशाला आपटलंस?"