जास्मीनचा धूर

दुबईहून पनवेलला सुट्टीवर आलेल्या नझीरला, मागच्या खेपेस हरवलेली त्याची आंब्याच्या स्वादाची ई-सिगारेट लेकीच्या दप्तरात सापडली. जास्मीन तेरा वर्षांची, सहा महिने खोकत होती. त्याने फाडकन तिच्या थोबाडीत मारली.

तिच्या तोंडातून आंब्याच्या वासाचा धूर निघाला. तो थांबेचना.

"बंद कर!" त्याने तिचं डोकं कपाटावर आपटलं.

"अब्बा, मी नाय करत," ती रडत म्हणाली. "आपोआप येतोय."

त्याने तिचं तोंड दाबून धरलं. ती कडकडून चावली, रक्त आलं, तरी त्याने हात काढला नाही.

"सोडा, मरेल ती!" त्याच्या बायकोने, सुगराने, त्याला मागे खेचलं.

धूर थांबला. जास्मीनने लांब श्वास आत घेतला, आणि नझीरच्या छातीतली हवा सरसर बाहेर निघाली. त्याला श्वास घेता येईना.

जास्मीन अजून आत ओढतच होती.