शेजाऱ्यांचा त्रास नाही

कोरगावच्या देऊळवाड्यावरची एकोणीस घरं सर्वेशनं सहा वर्षांत विकली, सगळी दिल्ली-बंगळूरच्या लोकांना. भाव सांगायच्या आधी तो गिऱ्हाइकाला व्हरांड्यात बसवायचा, दोन मिनिटं गप्प राहायचा आणि मग म्हणायचा, "काही ऐकू येतंय? इथं शेजाऱ्यांचा त्रास नाही. कोणी तुमच्या दारात येणार नाही, हमी माझी." एवढ्या एका वाक्यावर पंचवीस लाख जास्त मिळायचे, आणि गिऱ्हाईक घासाघीससुद्धा करायचं नाही.

परवा सकाळी चहा पिता पिता त्याचे बाबा गेले. वाड्यावरची रीत जुनी, घरटी एक माणूस आल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. सर्वेश फाटकाफाटकावर फिरून आला. सगळीकडे कुलपं, कॅमेरे आणि निळ्या गणवेशातले परप्रांतीय वॉचमन. घरं विकून म्हापशाच्या फ्लॅटात गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांनी फोनवरच हळहळ व्यक्त केली.

"आई, शववाहिनी बोलावतो," तो म्हणाला.

"गाडी नाका," शेवंती म्हणाली. "तुझ्या बापायन ह्या वाड्यावरच्या सगळ्यांक खांदो दिलो. त्येंका उचलूक चार माणसां तरी बघ."

सर्वेश पुन्हा फाटकांवर गेला आणि या वेळी त्यानं वॉचमनपुढे हात जोडले.



दुपारी अडीच वाजता चार वॉचमननी आपापल्या मालकांना फोन लावून अर्ध्या तासाची सुट्टी मागितली. तिघांना मिळाली.