नवसाचं चाक

ढाक्याच्या शिलाई कारखान्यात आग विझवणाऱ्या पाइपातून शर्टांवर पाणी ठिबकलं, की मॅनेजर मोतालेबसाहेब भिंतीवरचं चाक फिरवून पाणीच बंद करायचे. पूर्वी एका आगीत बहीण गमावलेली शिलाईवाली मोमेना ते गुपचूप उघडायची. अखेर तिनं चाकाला दर्ग्यातला लाल धागा करकचून बांधला. “ही काय थेरं?” “नवस आहे, साहेब. फिटायच्या आत जो सोडील, त्याचं तो जाणे.” बायका ओढणीआड हसल्या. साहेब कुणाच्या बापाला भीत नसत, पण पिराला भीत. चाक उघडंच राहिलं. गळतीखाली बादली आली. महिन्याभरानं इस्त्रीच्या टेबलावर भडका उडाला. छतातल्या पाइपाच्या तोटीला बुचासारखी बसवलेली लाल काच आचेनं तडकली, पाणी कोसळलं आणि आग जागीच विझली. शर्ट भिजले, दोनशे जणी वाचल्या. “पीर पावला, साहेब. आता धागा सोडते.” “हात लावशील तर खबरदार!” निथळत्या साहेबांनी खिशातला रुमाल काढून चाकाला बांधला.