गावाचा फाटा

दरीतल्या टोलरस्त्यावर लांबलचक हॉर्न वाजला. मोंपेलिए शहरातून येणारी लेक कोरली गावाखालून जाताना नेहमी असाच वाजवायची. मग इकडे सूप गरम करायला ठेवायचं.

"कोरली आली का हो?" शेवटच्या घटका मोजणाऱ्या जिनेतनं नवऱ्याला विचारलं.

"आली गं." ओगुस्त खिडकीतून लेकीची गाडी पुढे निघून जाताना बघत होता. पुढच्या फाट्यावर उतरून मागे यायला तिला पाऊण तास लागणार होता.

"मग दार उघडा ना!"

त्यानं दार सताड उघडलं. परत येऊन तिचा हात धरला, तोवर तो गार पडत चालला होता.

रस्ता बांधताना या गावालाही फाटा मिळत होता. "परक्यांची वर्दळ हवीय कुणाला?" म्हणत, तेव्हा सरपंच असलेल्या ओगुस्तनंच तो रद्द करून आणला होता. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांत जोरात जिनेतनं.